दोन हातांचा एक नग

माझ्या थोरल्या जाऊबाई एका जागी बसतील तर शपथ! त्या शनिवारपासून तर पायाला भिंगरीच लागली होती. घासलेली भांडी पुन्हा घास, कपाट उघड, पुन्हा लाव. शेवटी मीच ओरडले, "अहो, बसा की जरा! मला गरगरायला लागलं."

झालं होतं असं. आम्ही दोघी एकाच कारखान्यात शिवणावर. मी आणि बाकीच्या बायका एप्रन शिवतो. वेल्डिंगवाल्यांचे चामडी हातमोजे शिवायचं काम एकट्या जाऊबाईंचं. जाड चामडं, सुया मोडतात, बोटं सोलवटतात. पण एप्रन असो की मोजे, एका नगाचा दर सारखाच. आणि त्या शनिवारी त्यांच्या पाकिटात दुप्पट पैसे निघाले.

"चुकून आले असतील," मी म्हटलं. "गप्प बसा. आपले कितीदा कापलेत त्यांनी!"

"चुकून कसे गं? वाढ दिली असेल. किती वर्षं मागतेय मी."

वाढ! आमचा मालक? तो माणूस दिवा बंद करायला भरल्या ताटावरून उठतो. पण जाऊबाईंचा चेहरा असा काही खुलला होता, की माझी जीभच रेटेना. भावजींनी तर "आमची मंडळी आता बडी कारागीर" म्हणत गल्लीभर सांगून टाकलं. मग जाऊबाईंची घालमेल सुरू. विचारावं, तर वाढ नव्हतीच असं कळायची भीती. न विचारावं, तर चोरी केल्यासारखं वाटायचं. घास गिळवेना, पैशांना हात लावेनात.

बुधवारी राहवलं नाही. जेवणाच्या सुट्टीत पाकीट घेऊन मालकाच्या खोलीत शिरल्या. मीही मागोमाग गेले. मालकाशेजारी त्याचा जावई बसला होता, नुकताच हिशेबाला बसवलेला.

"मालक, ही वाढच ना?"

मालकाने जावयाकडे पाहिलं. जावई चाचरत म्हणाला, "जेवढे मोजे, तेवढे नग धरले."

"अरे बाबा!" मालक खो खो हसला. "मोज्यांची जोडी असते. दोन हातांचा एक नग!" मग जास्तीचे पैसे काढून घेत म्हणाला, "बाई, तुमच्यासारखी प्रामाणिक माणसं आता राहिली नाहीत हो."

माझ्या डोक्यात सणक गेली. प्रामाणिकपणाचं काय लोणचं घालायचंय? मी तोंड उघडणार, तोच जाऊबाई बोलल्या.

"मी आपली चार दिवस समजत होते, तुम्हाला माझं काम दिसलं." मालक टेबलावरचे कागद सारखे करू लागला.

"एका एप्रनला देता तेवढेच दोन मोज्यांना. म्हणजे इतकी वर्षं डावा हात मी फुकटच शिवत आले की!"

जावयाने मान खाली घातली. मालक म्हणाला, "बाई, सुट्टी संपली."

"संपू दे," म्हणत जाऊबाईंनी समोरची खुर्ची ओढली. आमच्यातली एकही बाई त्या खुर्चीवर आजवर बसलेली नाही. ह्या बसल्या. पाकीट मांडीवर ठेवलं आणि म्हणाल्या, "डाव्या हाताचं काय ते सांगा. मग उठते."