जे आहे ते दिसू दे

त्या उन्हाळ्यात देवघरात दिवा लावताना माझे हात जोडले जायचे, मन मात्र जोडलं जात नव्हतं. वय चाळिशीच्या आसपास. परभणीतल्या एका शाळेत मी मराठी शिकवते. माहेरी कुणाला मधुमेह नाही, अंगाने मी पहिल्यापासून काटकुळी, आणि तरी माझ्या रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पथ्य सांगितलं. मी भात सोडला, गोड चहा सोडला, घरात आंब्याचा रस झाला की स्वयंपाकघरातून उठून जायची. तरी साखर उतरेना. गोळ्या वाढल्या, साखर त्याहून वाढली. ब्लाउज खांद्यावरून घसरू लागले. वर्गात धडा वाचताना जीभ टाळूला चिकटायची.

सासूबाई मनाने वाईट नाहीत, पण त्यांचा एकच ठेका होता. "जिभेला आवर न्हाई तर गोळी काय करंल बाई?" जेवताना यजमानांची नजर माझ्या ताटावरून फिरून जाई. हळूहळू मलाही वाटू लागलं की आपल्याच हातून काहीतरी घडत असणार. नरसिंह आमचं कुलदैवत. त्याला मी रोज विचारायची, "माझं काय चुकलं, ते तरी सांग." उत्तर येत नव्हतं. मग मी विचारणंही सोडून दिलं.

पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला जायचं सासूबाईंनी ठरवलं. मला जायची इच्छा नव्हती. आदल्या दिवसापासून पोटात कळा येत होत्या, उलट्याही झाल्या होत्या. ऊन बाधलं असेल म्हणून कुणी मनावर घेतलं नाही, मीही नाही. त्यात उपास धरलेला. एसटीतून उतरून देवळापर्यंत चालताना पाय माझे राहिले नव्हते. दर्शनाला उभी राहिले, डोळे मिटले, तर मागायला काही सुचेना. "मला आता काही कळत नाही, तूच बघ," एवढंच मनात आलं. बाहेर मंडपात येऊन मी खांबाला टेकून बसले ती बसलेच. श्वास भात्यासारखा चालला होता.

शेजारी माझ्याच वयाची एक बाई नारळ सोलत बसली होती. तिने दोनदा माझ्याकडं पाहिलं, मग अगदी तोंडाजवळ येऊन विचारलं, "अवो ताई, तुमाला शुगर हाय का?"

मी मान डोलावली. तिने हातातला नारळ खाली ठेवला.

"तुमच्या श्वासाला पिकल्या फळावाणी वास यायलाय. माझ्या लेकीला पहिल्यांदा असाच आलता." एवढं बोलून तिने पिशवीतून साखर मोजायचं यंत्र काढलं आणि माझ्या बोटाला टोचलं. यंत्रावर आकडाच आला नाही. मोजता येणार नाही इतकी साखर वाढली की तसं होतं. सासूबाई म्हणाल्या, "आरती होऊ द्या, अंगारा लावू, मग बघू." तेव्हा ती बाई त्यांचा हात धरून म्हणाली, "आई, अंगारा लावा, लावू नका म्हणत न्हाई. पण गाडीत लावा. येळ घालवू नका. हे लय वाईट असतंय."

त्यांची जीप होती. तिच्या नवऱ्याने आम्हाला थेट परभणीला दवाखान्यात आणलं. वाटेतलं मला फारसं आठवत नाही. माझं डोकं तिच्या मांडीवर होतं, एवढं आठवतं. कुसुमताई तिचं नाव, चारठाण्याची. दवाखान्यात तिने डॉक्टरांना हात जोडून विचारलं, "साहेब, माझ्या लेकीची अँटीबॉडीची तपासणी केलती. ह्यांचीबी करता येईल का?" डॉक्टर समजूतदार होते. ते म्हणाले, "करायलाच हवी. बारीक अंगकाठी, गोळ्या लागू पडत नाहीत; मलाही तीच शंका आहे."

सलाईन आणि इन्शुलिन चालू झालं, आणि दोन-तीन दिवसांत मी माणसात आले. तपासणीसाठी रक्त बाहेरगावी पाठवलं होतं. त्या वाट पाहण्याच्या दिवसांत मी पुष्कळ दिवसांनी मनापासून प्रार्थना केली. आधी वाटलं, काही निघू नये असं मागावं. पण मग लक्षात आलं, रक्तात जे आहे ते आहेच. मी मागितलं म्हणून ते बदलणार नाही, आणि लपून राहिलं तर पुन्हा मला त्या खांबाशी नेऊन बसवेल. म्हणून म्हटलं, "देवा, जे आहे ते दिसू दे. पुढचं मी सोसेन." त्या दिवशी मला शांत झोप लागली.

रिपोर्ट आला. अँटीबॉडी निघाल्या. डॉक्टरांनी आम्हा तिघांना समोर बसवून समजावलं, की शरीराचं रक्षण करणारी ताकदच कधीकधी वाट चुकते आणि इन्शुलिन तयार करणाऱ्या आपल्याच पेशी मारत सुटते; अँटीबॉडी ही त्याचीच खूण. असा मधुमेह लहान मुलांनाच होतो असं नाही, मोठ्या वयातही हळूहळू येतो. म्हणून गोळ्या पुरल्या नाहीत. आता इन्शुलिन कायमचं.

यजमानांनी विचारलं, "म्हणजे खाण्यापिण्यानं झालं नाही हे?"

"नाही. यांच्या हातून काहीच चुकलेलं नाही."

जन्मभराचं दुखणं पक्कं झालं होतं, आणि मी मात्र मोकळी होऊन रडत होते. कितीतरी महिने देवाला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ते होतं. सासूबाईंनी पदराने माझं तोंड पुसलं आणि बराच वेळ हात गालावरून काढला नाही.

पुढे मी कुसुमताईंना म्हटलं, तुम्ही माझ्यासाठी देवाच्या रूपात आलात. त्या हसल्याच. "देव-बीव काय म्हणू नका बाई. लेकीला झालं तवा मी देवासंगं लय भांडले. चार वर्सं मंदिराची पायरी चढले न्हाई. त्या दिवशीच पयल्यांदा आलते." त्यांच्या लेकीचं दुखणं माझ्या भल्यासाठी होतं, असं मी कधीच म्हणणार नाही. देवाच्या नावावर एवढा मोठा अर्थ लावायचा मला अधिकार नाही. एवढंच म्हणते की त्या आल्या, आणि मी आहे.

आता मी वर्गात पुन्हा खणखणीत आवाजात कविता म्हणते. भातही खाते, इन्शुलिनच्या हिशोबाने. रोज जेवणाआधी पोटाला सुई टोचून घेते आणि मग थोडं थांबते, कारण लगेच जेवायचं नसतं. ताट वाढलेलं असतं, भाजीची वाफ निघत असते, घरचे माझ्यासाठी खोळंबलेले असतात. मला जे करायचं होतं ते करून झालेलं असतं आणि बाकीचं माझ्या हातात नसतं. तेवढ्या वेळात मी काही मागत नाही. नुसती हात जोडून बसते. मग सासूबाई म्हणतात, "झालं का गं? जेव आता." आणि मी पहिला घास घेते.