बाइंडरबंधूंचं रक्त

थोरल्या बाइंडरांचं दुकान बारा फूट रुंद होतं, म्हणजे खरं तर सहा. मधोमध प्लायवूडची भिंत होती आणि पलीकडच्या सहा फुटांत धाकटा बाइंडर बसायचा. दोघं सख्खे भाऊ, एकाच बापाकडे पुस्तकं शिवायला शिकलेले, आणि गेली अकरा वर्षं एकमेकांशी चकार शब्द न बोललेले. वाटणीत सुया, पुठ्ठ्याचे गठ्ठे, खळीचे डबे सगळं नीट निम्मं निम्मं झालं. अडलं ते कागद कापायच्या मशीनपाशी. ते ओतीव लोखंडाचं धूड. निम्मं करता येईना आणि सोडायला कुणी तयार होईना. शेवटी सुताराने प्लायवूडला मशीनच्या आकाराचं भोक पाडून दिलं. त्यात पातं ओढायचा दांडा आला थोरल्यांकडे आणि कागद आवळायचं चाक गेलं धाकट्याकडे. म्हणजे कुणालाही चार कागद कापायचे झाले तरी दुसऱ्याशिवाय गत्यंतर नाही. मग भिंतीवर दोन टकटक व्हायच्या, पलीकडचा चाक फिरवायचा, अलीकडचा दांडा ओढायचा, आणि दोघंही भलतीकडेच बघायचे.

अगदीच काही सांगायचं झालं तर वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई कामी यायच्या. फाटकी पुस्तकं घेऊन त्या आठवड्यातून दोनदा यायच्या आणि मधल्या पायरीवर उभ्या राहिल्या रे राहिल्या, की त्यांचा टेलिफोन व्हायचा.

"बाई, त्यांना सांगा, खळ करपलीय, वास इकडे येतोय."

"बाई, त्यांना सांगा, नाक दाबून बसा."

बाई दोन्हीकडे मान हलवायच्या. सांगायची गरज नसायचीच. प्लायवूड ते, असून असून किती जाड असणार!

थोरले साठीच्या घरातले, उंचीने बेताचे, आणि नाकावर माशी बसू देतील तर शपथ. चाळीस वर्षांत त्यांनी शेकडो प्रबंध शिवले होते. पानं क्रमाने लावताना प्रत्येक पानाची पहिली ओळ वाचायची त्यांना खोड होती. त्यामुळे किड्यांपासून ग्रहताऱ्यांपर्यंत सगळ्या विषयांतलं त्यांना थोडंथोडं यायचं, फक्त वाक्य पुरं कुठलंच यायचं नाही. असा माणूस सभेत गप्प बसेल ही आशाच सोडायची.

सभा भरली होती ती त्यांच्या समाजाच्या हॉलमध्ये. एक संशोधक बाई आल्या होत्या. भारतीय लोकांच्या रक्तात एका समाजापासून दुसऱ्या समाजापर्यंत काय काय फरक असतो, याचा मोठा अभ्यास चालला होता. या समाजात काही माणसं साध्या ऑपरेशननंतरही वेळेवर उठत नाहीत, असं डॉक्टर मंडळींच्या कानावर आलं होतं, म्हणून त्या खास इथे आल्या. "रक्त नंतर," त्या म्हणाल्या, "आज मी फक्त तुमचे प्रश्न घ्यायला आलेय."

प्रश्नांना काय तोटा! अध्यक्षांना आपला समाज मूळचा राजघराण्यातला निघेल अशी फार आशा होती. मागच्या रांगेतून एका सुनेने विचारलं, "माणसाचा स्वभाव दिसतो का हो रक्तात?" तिच्या सासूबाई पुढच्या रांगेत होत्या. त्यांनी मागे वळून बघितलं, त्यावरून स्वभाव रक्ताशिवायही दिसला. मग थोरले उठले, हातात संमतीचा फॉर्म.

"बाई, तुमचं तिसरं पान पाचव्याच्या मागे लागलंय. आणि चौथ्याच्या पहिल्याच ओळीत आहे, 'कधीही परत घेता येईल.' काय परत घेता येईल? रक्त?"

"संमती," बाई हसून म्हणाल्या. "तुम्ही केव्हाही नाही म्हणू शकता."

"मग ते नीट लिहा ना. इथे बसलेल्या निम्म्या लोकांना वाटतंय, बाटली घरी मिळणार!"

हशा झाला, पण त्या एका प्रश्नाने सभा मार्गी लागली. लोकांनी अटी घातल्या. नळीवर कुणाचं नाव नको, नुसता नंबर. एखाद्याचं काही निघालं तर फक्त त्यालाच सांगायचं, शेजाऱ्याला नाही. आणि काय शोध लागला ते आधी याच हॉलमध्ये, साध्या भाषेत सांगायचं. बाईंनी सगळं मान्य केलं, फॉर्म नव्याने लिहिले, आणि त्यांचं बाइंडिंग थोरल्यांकडे आलं. तेव्हापासून हा अभ्यास म्हणजे आपलीच कल्पना असल्यासारखे ते गावभर बोलू लागले.

माणसं हवी होती शंभर, आणि तीन पिढ्यांपर्यंत एकमेकांशी नातं नसलेली. आता ज्या समाजात रांगेत पुढे मेहुणा आणि मागे साडू उभा असतो, तिथे अशी शंभर माणसं शोधायची म्हणजे डोकंच पिकायचं. अध्यक्ष चार आठवडे वंशावळी मांडत बसले. थोरल्यांनी मात्र पहिल्याच दिवशी जाऊन फॉर्म भरला. 'जवळचे नातेवाईक' या रकान्यात ठळक अक्षरांत लिहिलं: कुणी नाही. दुसऱ्या दिवशी धाकटा आला. त्यानेही लिहिलं: कुणी नाही. अध्यक्षांनी दोन्ही फॉर्म शेजारीशेजारी ठेवून कपाळाला हात लावला. पण एकाचं नाव काढावं, तर दुसरा जिंकल्यासारखा मिरवणार आणि पहिला हॉलच्या दारात ठाण मांडणार. "दोघंही कागदावर नाही म्हणताहेत, तर हो म्हणणारा मी कोण?" असं म्हणून त्यांनी दोन्ही फॉर्म पुढे सरकवले.

सभेच्या अटींवरून फॉर्ममध्ये आणखी एक रकाना घातला होता. 'माझ्या प्रकृतीसंबंधी काही आढळलं तर मला कळवावं: हो किंवा नाही.' थोरल्यांनी 'हो'वर खूण केली आणि ही शहाणपणाची गोष्ट ग्रंथपाल बाईंना मोठ्या आवाजात सांगितली. झालं. धाकट्याने लगेच जाऊन आपल्या फॉर्मवर 'नाही' करून टाकलं.

सहा महिन्यांनी संशोधक बाईंनी थोरल्यांना हॉलच्या मागच्या खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं.

"भुलीबरोबर स्नायू ढिले करायला एक इंजेक्शन देतात," त्या म्हणाल्या. "बहुतेकांच्या रक्तात ते पाच-दहा मिनिटांत विरतं. तुमच्या रक्तात विरणार नाही. तासन्‌तास राहील, आणि तेवढा वेळ तुम्हाला स्वतःहून श्वास घेता येणार नाही. घाबरू नका. डॉक्टरांना आधी माहीत असलं की ते दुसरं औषध देतात. हे पत्र जवळ ठेवा."

"म्हणजे माझं नेहमीप्रमाणे सगळ्यांपेक्षा वेगळं," थोरले म्हणाले. त्यांना थोडा अभिमानच वाटला होता.

"तुमच्या एकट्याचं नाही. हे घराण्यात असतं. आईवडील, सख्खी भावंडं." बाईंनी फॉर्म पुढ्यात ओढला. "तुम्हाला सख्खं भावंड आहे?"

"फॉर्ममध्ये लिहिलंय की. नाही."

बाईंनी पुढ्यातल्या कागदाकडे बघितलं, मग थोरल्यांकडे, मग परत कागदाकडे. रक्ताला फॉर्म वाचता येत नाही. कुणाचं रक्त कुणाच्या सख्ख्या भावाचं आहे ते त्यांना लख्ख दिसत होतं, पण समाजाच्या अटींनी त्यांचं तोंड शिवलं होतं.

"बरं," त्या सावकाश म्हणाल्या. "पण समजा असलंच एखादं, तर त्याला तुम्हीच सांगायला हवं. ज्याने 'कळवू नका' म्हटलंय, त्याला मी सांगू शकत नाही. ती अट तुमच्याच सभेने घातलीय."

थोरले दुकानात आले तेव्हा प्लायवूडपलीकडे धाकटा कुणाशी तरी फोनवर बोलत होता. पित्ताशयात खडे झालेत, गुरुवारी सकाळी ऑपरेशन, तासाभराचं तर काम. त्या दिवशी मंगळवार होता.

घरी बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "मग इथे काय करताय? जा की भावजींकडे!"

"मी? मी जाऊ?"

"नाही तर काय, भिंतीवर टकटक करून सांगणार आहात?"

बुधवारी ग्रंथपाल बाई आल्या तसं थोरल्यांनी त्यांना पायरीवरच गाठलं. "बाई, त्यांना सांगा, भुलीच्या डॉक्टरला म्हणावं ते इंजेक्शन देऊ नका. रक्तात दोष आहे."

पलीकडून लगेच उत्तर आलं. "बाई, त्यांना सांगा, घाबरवायचे धंदे बंद करा. आधीपण 'थांबू या, थांबू या'च करत होते."

बाई पुस्तकं टेकवून खाली बघत राहिल्या, कारण आधीचं म्हणजे काय ते त्यांनाही ठाऊक होतं. अकरा वर्षांपूर्वी बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. थोरले म्हणत होते थांबू या. धाकट्याने ऐकलं नाही, स्वतः नेऊन दाखल केलं. बाबा टेबलावरून उठलेच नाहीत. दारात सगळी माणसं जमलेली असताना थोरले म्हणाले होते, "तू मारलंस बाबांना." पुढच्याच आठवड्यात सुतार आला.

आणि आता हातातल्या पत्रावरून दिसत होतं की बाबांना बहुधा कुणीच मारलं नव्हतं. थोरल्यांना हे काल हॉलमध्येच कळलं होतं, संशोधक बाई 'आईवडील' म्हणाल्या तेव्हाच. पण कळणं वेगळं आणि तोंडातून काढणं वेगळं.

गुरुवारी सकाळी ते हॉस्पिटलच्या काउंटरवर उभे राहिले.

"पेशंटचे कोण तुम्ही?" काउंटरवरच्या माणसाने विचारलं.

"शेजारी."

"आत फक्त नात्यातले."

थोरल्यांनी काउंटरवर हात टेकले. "भाऊ."

माणसाने कागद चाळले. "पेशंटने लिहिलंय, भावंडं नाहीत."

झालं! जो माणूस सहा महिन्यांपूर्वी अगदी हेच लिहून आला होता, त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. "नाहीत? सख्खा भाऊ हयात असताना नाहीत? लाज नाही वाटली लिहिताना?" आणि काउंटरवाला "अहो, अहो" करेपर्यंत थोरले आत शिरले होते.

धाकटा हिरवा झगा घालून ट्रॉलीवर पडला होता. पाठीमागच्या नाड्या सुटलेल्या. शेजारी भुलीच्या डॉक्टर बाई पेन घेऊन उभ्या होत्या. थोरल्यांना बघून तो ताडकन उठून बसला.

"तू कशाला आलास?" अकरा वर्षांतलं हे पहिलं वाक्य.

"हौस आली म्हणून! डॉक्टर, याला ते इंजेक्शन देऊ नका. हे पत्र बघा. माझं आहे, पण याचंही हेच असणार."

"डॉक्टर, हे माझे कुणी नाहीत."

"कुणी नाही? मग बाबांची मोठी सुई कुणाच्या भावाने लंपास केली?"

"ती मला दिली होती बाबांनी! आणि तू चाकाला तेल घालू देत नाहीस ते? पाच वर्षं करकरतंय!"

"चाक तुझ्याकडे आहे, तेल मी घालायचं?"

"डबा कुणाकडे आहे?"

ट्रॉली ढकलणारा भिंतीला टेकून ऐकू लागला. डॉक्टर बाईंनी दरम्यान पत्र वाचून संपवलं होतं. "घरात आणखी कुणाला भुलीनंतर त्रास झाला होता?" त्यांनी विचारलं.

मग धाकटाच हळू म्हणाला, "वडिलांना."

"परकी माणसं सुईवरून एवढी भांडत नाहीत," डॉक्टर बाई म्हणाल्या. "ते इंजेक्शन आपण देणार नाही. दुसरं आहे. चला."

ट्रॉली गेली. थोरले बाकड्यावर बसले, उठले, पुन्हा बसले. भिंतीवर लावलेल्या सूचना त्यांनी वाचल्या, पहिल्यांदाच शेवटपर्यंत, आणि एकही डोक्यात शिरली नाही. त्यांना बाबा आठवत होते. भाऊ मेला तर आपण त्याच्याशी शेवटचं तेलाच्या डब्यावरून बोललो असं होईल, हे त्यांच्या मनातून जाईना.

दीड तासाने डॉक्टर बाई बाहेर आल्या. "वेळेवर जागे झाले. श्वास छान आहे. नर्सशी हुज्जत घालताहेत."

थोरले आत गेले. धाकट्याचे ओठ सुकले होते, पण डोळे उघडे होते. थोरल्यांनी स्टूल ओढलं, बसले, चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

"बाबांचं," ते म्हणाले. "ते तुझ्यामुळे नव्हतं. रक्तातच होतं. थांबलो असतो तरी तेच झालं असतं. मी सगळ्यांसमोर बोललो ते चूक होतं. मला माफ कर."

धाकटा छताकडे बघत राहिला. औषधाने आवाज जड झाला होता.

"तू बोललास त्याचा राग आला म्हणून मी बोलणं टाकलं असं वाटत होतं तुला?"

"मग?"

"मला ते पटलं होतं, दादा. अकरा वर्षं मला वाटतंय, मीच मारलं."

थोरल्यांनी पांघरुणावरून धाकट्याचं पाऊल धरलं, आणि नर्स तीनदा येऊन "आजोबा, वेळ संपली" म्हणाली तरी सोडलं नाही.