भाऊजींचे पुसलेले फोटो

फोन आला तेव्हा मी गच्चीवर रबरी फुग्यानं फुसफुस करत कॅमेऱ्याच्या लेन्सवरची धूळ उडवत बसलो होतो. भद्रावतीच्या आमच्या कॉलनीत रविवारी सकाळी लोक गाड्या धुतात, मी लेन्स साफ करतो. फोन बाईचा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा. "हे गेले रे..." एवढंच म्हणाली. सुखदेव भाऊजी नेहमीसारखे तलावावर जाऊन आले, अंगणात भिंतीला टेकले आणि टेकलेलेच राहिले. मी "निघालोच" म्हणालो, शर्ट बदलला आणि चंद्रपूरच्या एसटीत बसल्यावर कळलं की खांद्याला कॅमेऱ्याची बॅग आहे. सवयीनं उचललेली. मयतीला कॅमेरा घेऊन जाणारा आमच्या खानदानातला मी पहिलाच. मोहर्लीच्या वाटेवर तलावाकाठी त्यांचं गाव. अंगणात शिरलो तर कोणीतरी म्हणालंच, "बरं झालं, फोटोवाले आले." मी बॅग शेजारच्या गोठ्यात तणशीच्या ढिगामागे लपवून आलो. त्या घरात लपवायची ती काही शेवटचीच गोष्ट नव्हती.

हा कॅमेरा मी पन्नाशीला टेकल्यावर घेतला. ब्रिज कॅमेरा म्हणतात त्याला. लेन्स बदलता येत नाही, पण बटण दाबलं की ती डुकराच्या मुसकटासारखी लांब होत जाते आणि पलीकडच्या काठावरच्या बगळ्याचा डोळा दिसतो. मग त्याच्यामागे तीन पायांचा स्टँड आला, जादा बॅटरी आली, उन्हासाठी लेन्सवर घालायची टोपी आली. बायको म्हणाली, लग्नात मला इतकं सामान नव्हतं. पक्षी टिपायचे तर पाणी हवं, पाण्यात जायला डोंगा हवा आणि डोंगा चालवायला भाऊजी होतेच. पिढ्यान् पिढ्या तलावात मासे धरणारं घर. मीही तसल्याच घरातला, पण कारखान्यात चिकटलो आणि डोंग्यात पाहुण्यासारखा बसायला शिकलो.

पहिल्या दिवशी मी त्यांना कॅमेऱ्यातून बघायला दिलं. एक डोळा मिटून, तोंड उघडं टाकून ते बराच वेळ पाहत राहिले आणि एकदम ओरडले, "अरे, हा गण्या तं माया जागेवर गरी टाकून राह्यला!" पलीकडच्या काठावरचा गण्या दचकून उभा राहिला. इतक्या लांबून आपल्याला ओळखलं कोणी, हे त्याला कळेना. भाऊजी डोंगा हलेपर्यंत हसले. "साळेबुवा, तुमचं यंत्र लय कामाचं हाय. पक्षी कायले पाह्यता? चोर पाहा ना!"

दर थंडीत माझी एक तरी फेरी असायची. मी बोट दाखवीन तिकडे त्यांनी न्यायचं. त्यांच्या जाळ्याची वेळ टळली तरी मी "जरा थांबा" म्हणायचो आणि ते थांबायचे. ट्रायपॉड डोंग्यात उभा राहीना, तेव्हा जुन्या पँटचा पाय कापून, त्यात धानाचा कोंडा भरून, तोंड शिवून त्यांनी मला उशी करून दिली. "यावर ठेव तुझ्या लेकराले." कॉलनीत मी ती उशी ऑनलाइन मागवली म्हणून सांगत असे. अशी माझी कीर्ती.

गेल्या थंडीत तलावावर निघताना बाई दारात आली आणि भाऊजींकडे हनुवटी करून म्हणाली, "दुनियाभरचे पाखरं काढतोस, यायचा एक काढ ना. घरात एक फोटो नाई यायचा." भाऊजी लाजले, पण आत जाऊन केस ओले करून, पांढरा शर्ट घालून आले. मी चार फोटो काढले. चौथ्यात ते हसले. मागच्या पडद्यावर दाखवला तर म्हणाले, "असा दिसतो मी? बरा हाय की माणूस." बाईनंही पदराला हात पुसून पाहिला.

लगेच आम्ही डोंग्यात बसलो. तलावाच्या मधोमध बुडालेलं एक वाळकं झाड आहे. त्याच्यावर कैकर येऊन बसला, मासे मारणारा मोठा शिकारी पक्षी, पंजात तडफडता मासा. वर्षानुवर्षं ज्याची वाट पाहिली तो. मी बटण दाबलं आणि पडद्यावर अक्षरं आली... कार्ड भरलंय. जादा कार्ड घरी, टेबलावर.

"काढ ना, काऊन थांबला?" मागून भाऊजी कुजबुजले.

"जागा करून राह्यलो."

कॅमेरा शेवटचा फोटो आधी दाखवतो, म्हणून शेवटून पुसायला लागलो. शेवटचे चार कोणाचे, ते मला दिसत होतं. मनात म्हटलं, भाऊजी कुठे उडून जातात? संध्याकाळी परत काढू. पुसले. भाऊजींनी डोंगा ढकलायचा बांबू चिखलात खोल रोवला, दोन्ही हातांनी आवळून धरला आणि श्वास रोखून उभे राहिले. मी कैकराचे चार फोटो काढले. संध्याकाळी मला शेवटची एसटी धरायची घाई होती.

कैकराला कॉलनीच्या क्लबातल्या प्रदर्शनात तिसरा नंबर मिळाला. लोक विचारत, इतक्या झूमला हलला कसा नाही? मी म्हणे, हात स्थिर पाहिजे.

तेरवीला आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणला. हार घातल्यावर बाई त्याच्याकडे बघत म्हणाली, "हा कोन माणूस होय?" मग माझ्याकडे वळली. "तुझ्यापाशी आहे ना, त्या दिवसाचा? हासून राह्यले होते तो?" भरल्या घरात मी म्हणालो, "ते कार्ड खराब झालं, बाई." ती म्हणाली, "बरं." हे "बरं" मला महिनाभर झोपताना, जेवताना, लेन्स पुसताना ऐकू येत राहिलं. शेवटी एका रविवारी एसटी धरली. बाई तांदूळ निवडत होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. कार्ड धडधाकट आहे, मीच पुसले, पक्ष्यासाठी पुसले.

बाईनं सुपातला एक खडा बाहेर टाकला. "मालूम हाय मले. त्याच दिवशी सांगतलं यायनं. मांगंच उभे होते ना, दिसलं त्यायले. म्हणे, साळ्यानं मले मिटवलं न् पाखरू ठेवलं." ती थोडं हसली, मग हसणं गेलं. "म्हणे, त्याले काई बोलू नोको. लाजन बिचारा."

मी खाली बसलो. सुपातले खडे वेचायला लागलो.

मग तिनं विचारलं, "कुठी आहे ते पाखरू?" मी मोबाईलवर दाखवलं. तिनं मोबाईल जवळ धरला, लांब धरला. "किती साफ आलं रे. मासोळीचे खवले दिसून राह्यले. पाण्यात डोंगा तं हलते."

"भाऊजींनी धरला होता."

"हं," बाई म्हणाली. "मले हा मोठा करून दे."

आता तो फोटो तिच्या खोलीत आहे, आधार कार्डाच्या चेहऱ्याशेजारी. कोणी आलं की विचारतं, हा कोणता पक्षी? बाई म्हणते, "ते यायचा फोटो होय." पाहुणे एकमेकांकडे बघतात. त्यांना वाटतं, दुःखानं बाईचं काहीतरी झालंय. मी तिथे असलो तर घसा खाकरतो आणि सांगायला लागतो... कार्ड भरलं होतं, शेवटचे चार फोटो होते, पुसले ते मी. बाई तांदूळ निवडत ऐकत असते. एखादी गोष्ट मी गाळली, तर मान वर न करता म्हणते, "पांढऱ्या शर्टाचं सांग ना."