गोळीवाली की सुईवाली?

अण्णाला कोणती शुगर होती, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

कळायच्या आधीच तो गेला. आज वर्ष झालं.

तेराव्याला आलेल्या लोकांनीसुद्धा पंगतीत बसून हेच विचारलं. "गोळीवाली होती का सुईवाली?"

आमच्या किल्लारीकडं शुगरच्या जाती अशाच. गोळीवाली म्हणजे साधी. सुईवाली म्हणजे संपलंच आता.

आणि तिसरी, धक्क्याची. भूकंपानंतर ज्याला ज्याला शुगर निघाली, त्याची धक्क्याची. मायची तीच. इतकी वर्षं गोळीवर आहे, ठणठणीत आहे.

अण्णा माझा मोठा भाऊ. मी धाकटी, तरी मला आक्कीच म्हणायचा. भूकंपात घराच्या कोसळलेल्या मातीच्या माळवदाखालून जिवंत काढलेलं तान्हं लेकरू.

पुढं तेच लेकरू लातूरच्या ट्यूशन एरियात फिजिक्सचा सर झालं. मेडिकलच्या 'नीट' परीक्षेच्या बॅचेस, सकाळपासून रात्रीपर्यंत. बोलून बोलून घसा कायम बसलेला.

पोरांना त्याचं एक वाक्य पाठ होतं.

"येत असेल तर सोडव. शंका असेल तर सोड. एका अक्षराचा फरक हाय लेको!"

म्हणजे निगेटिव्ह मार्किंग. चुकीचा गोल काळा केला तर मार्क कापतात. कोरा सोडला तर काही जात नाही.

दोन वर्षांखाली तो एकदम वाळायला लागला. घटाघटा पाणी प्यायचा. शर्ट हँगरला टांगल्यासारखा दिसायचा.

लातूरच्या डॉक्टरांनी तपासलं. तिशी उलटलेली, आईला शुगर. "टाइप टू." गोळ्या सुरू.

गोळ्यांनी ढिम्म फरक पडेना. मग मी त्याला नांदेडला माझ्याकडं बोलावलं आणि इथल्या डॉक्टर मॅडमकडं नेलं.

मॅडम म्हणाल्या, "इतका बारीक माणूस, गोळीला दाद नाही. टाइप वन असू शकते. मोठ्या माणसांना पण होते, हळूहळू येते." त्यांनी इन्सुलिन सुरू केलं आणि रक्त मोठ्या लॅबला पाठवलं.

रिपोर्ट आला. काठावर. धड इकडं नाही, धड तिकडं नाही.

मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं. मी बाजूच्याच खुर्चीत बसले होते. "काही महिन्यांनी परत टेस्ट करू. तोवर इन्सुलिन बंद करायचं नाही."

तोवर. हा शब्द त्यानं ऐकलाच नाही.

बाहेर आल्यावर हसत होता. "आक्के, ए टाइप वन, बी टाइप टू, सी दोन्ही, डी यापैकी नाही. माझं डी दिसून राहिलंय."

मी हसले नाही. त्याच्या डोळ्यांत हसू नव्हतं, मला दिसत होतं. न कळणं त्याला आतून पोखरत चाललं होतं. टाइप वन म्हटलं असतं तरी त्यानं मान्य केलं असतं. हे अधांतरी लटकणं त्याला सहन होत नव्हतं.

घरी माय वेगळीच. "माळवद अंगावर पडून जगलेलं लेकरू हाय माझं! त्याला धक्क्याचीच हाय. सुई एकदा लागली की सुटत न्हाई बाबा, गोळीवरच ऱ्हा."

माझ्या भोळ्या मायला वाटायचं, सुई टोचली म्हणूनच शुगर सुईवाली होते. टोचली नाही तर गोळीवालीच राहते. तिला काय बोलणार? अर्धा जिल्हा असंच समजतो.

त्यात एकदा शिकवता शिकवता सुईनं त्याची शुगर एकदम खाली उतरली. हात थरथरला, खडू पडला, तो खुर्चीवर बसला. एका पोरीनं डब्यातला लाडू दिला म्हणून सावरला.

क्लासचे मालक म्हणाले, "सर, तब्येत बघा. ॲडमिशनचे दिवस आहेत, पालक बघून राहिलेत."

त्याची तब्येत नव्हे. पालक बघून राहिलेत. माझं रक्त अजून उकळतं.

त्यानंतर क्रॅश कोर्स लागला. आणि अण्णानं सुई बंद केली.

कुणाला सांगितलं नाही. वहिनीनं विचारलं तर म्हणायचा, "क्लासमध्येच घेतली."

मग एक दिवस उलट्या सुरू झाल्या. सगळे म्हणाले पित्त. मायनं लिंबू पिळून पाणी दिलं. संध्याकाळपर्यंत त्याला धाप लागली, पळून आल्यासारखी. तोंडाला सडक्या फळाचा वास येत होता.

मी नांदेडहून लातूरला पोचले तेव्हा तो आयसीयूत होता.

डॉक्टरांनी वहिनीला विचारलं, "इन्सुलिन कधीपासून बंद आहे?"

"बंद न्हाई हो," वहिनी म्हणाली. "रोज घेतात."

मग ती माझ्याकडं बघायला लागली. तिला तिथंच कळलं. त्या वेळचा तिचा चेहरा मला आयुष्यभर पुरेल.

थोडा वेळ तो शुद्धीवर आला होता. मी चिडलेच, कशाला खोटं सांगू. "का बंद केलीस रे? का?"

अडखळत म्हणाला, "नक्की कळू दे की... मग घेतो... शंका होती ना..."

दुसऱ्या दिवशी सकाळी गेला.

भूकंपानं सोडलेला माणूस.

पंगतीत विचारणाऱ्यांना तेव्हा उत्तर दिलं नाही. आज देते. कोणती होती ते माहीत नाही. आणि जगायला ते माहीत असायची गरजही नव्हती. नाव कळेपर्यंत सुई चालू ठेवायची होती. एवढंच.

अण्णाच्या क्लासातल्या पोरांनो, तुमच्यातले कितीतरी जण आता डॉक्टर होऊन राहिलेत. समोर असा काठावरचा पेशंट आला, तर त्याला "तोवर" हा शब्द दोनदा सांगा. त्याच्याकडून वदवून घ्या. घरच्यांना बोलावून सांगा.

माय आजही म्हणते, धक्क्याचीच होती. मी वाद घालत नाही.

अण्णा, तुझ्या फोटोला हार घातला. तुझ्या आवडीची शेंगाची पोळी केली. श्रद्धांजलीचे शब्द मला जमत नाहीत, रागच येतो तुझा.

पेपरात कोरा गोल सोडला तर काही जात नाही रे.

हा प्रश्न सोडायचा नव्हता.

— तुझी आक्की