मामांचे फोड आणि शेजारची फवारणी

माझ्या मामांइतका मन लावून चिडणारा माणूस अख्ख्या तासगाव तालुक्यात दुसरा नसेल. फौजेतून निवृत्त होऊन त्यांनी द्राक्षबाग धरली, पण चिडण्यातून काही निवृत्ती घेतली नाही. एस.टी. पाच मिनिटं आधी आली तरी "येळ म्हंजे येळ" म्हणून कंडक्टरवर चिडायचे, आणि ताप आला की थर्मामीटरवर. या माणसाचा मला लहानपणापासून लळा आहे आणि तेवढाच संतापही.

गेल्या वर्षी ऑक्टोबर छाटणीनंतर त्यांच्या पायांवर द्राक्षाएवढे फोड आले, पाण्यानं टच्च भरलेले. मामांनी गुन्हेगार तिथल्या तिथे ठरवला. बांधाला बांध लागून असलेला त्यांचा बालमित्र. "त्याच्या फवारणीचं औषध वाऱ्यानं माझ्या अंगावर येतंय. मुद्दाम मारतोय त्यो." साठ वर्षांची दोस्ती, आणि मामांनी बांधावर उभं राहून सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं त्याला झापलं. तो "बरं" म्हणून निघून गेला. मी साताऱ्याहून फोनवर समजवायला गेलो, तर माझ्यावरही उखडले. शेवटी माझंच डोकं फिरलं. तडक गावी गेलो, त्यांना गाडीत घातलं आणि सांगलीला नेलं.

रक्त तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्ताचा कॅन्सर आहे, सावकाश चालणारा; पांढऱ्या पेशी फार वाढल्यात. या आजारात क्वचित एखाद्याला साधा डास चावला तरी असे फोड येतात.

"पांढऱ्या पेशी म्हंजे शरीराची फौज न्हवं?" मामा कडाडले. "मग फौज वाढली तर बिघडलं काय?"

"भरती झालीय आजोबा, पण लढता कुणालाच येत नाही."

 परतताना मामांच्या तोंडून आजाराबद्दल चकार शब्द नाही, फक्त "डास?" एवढंच पुन्हा पुन्हा. गाडी त्यांनी थेट मित्राच्या बागेशी थांबवायला लावली. बांधाकडच्या चार ओळी डावणी रोगानं गेल्या होत्या, घड कुजून गळाले होते.

"तुला तरास व्हतोय म्हनलास," मित्र म्हणाला, "म्हनून हिकडं फवारलंच न्हाई."

त्यावर मामा जे भडकले, तसं मी त्यांना आयुष्यात पाहिलं नव्हतं. "मी येडा, पर तुला अक्कल न्हवती? येकदा तरी उलटं बोलायचं की रं!" बोलता बोलता आवाज फाटला आणि ते मातीत खाली बसले. इतके दिवस मनात साठवलेला माझा राग तिथेच विरघळला, आणि त्याचाही मला राग आला.

हल्ली चिडताना मामांना मधेच दम लागतो. मग राहिलेलं त्यांचा मित्र बोलून टाकतो, त्यांच्याच शब्दांत, आणि मामा डोळे मिटून मान हलवतात.