गाडीचा खोकला आणि माझा पायगुण

नवी गाडी घेणाऱ्याला नुसती गाडी मिळते. जुनी घेणाऱ्याला गाडीसोबत किस्सेही मिळतात, आणि गाडी भंगारात गेली तरी ते घरातच राहतात! हळदीकुंकवाला चार बायका जमल्या की कोणी नव्या बांगड्या दाखवतं, कोणी पोराचे मार्क सांगतं. मी आमच्या गाडीचं सांगत बसते. दुसरं सांगण्यासारखं माझ्याजवळ काय आहे? वजन सांगावं, तर ते अख्ख्या भंडाऱ्याला माहीत आहे. कसं माहीत झालं ते सांगतेच.

ही सगळी ऐंशी सालच्या आसपासची गंमत. आमची लहानशी राईस मिल होती, आणि आमच्या ह्यांना गाडी घेण्याची हौस आली. नागपूरच्या एका रिटायर्ड डॉक्टरांची जुनी काळी गाडी घेऊन हे दारात उभे राहिले. डॉक्टरांनी देताना सांगितलं होतं, "इंजिन उत्तम आहे. फक्त कधीकधी जरासं खोकतं."

"औषध काय द्यायचं?" ह्यांनी विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "दुर्लक्ष करायचं!"

*

खोकला म्हणजे कसा? गाडी चांगली गुणगुणत चालली असायची. मध्येच फट्! मग फट्-फट्! मग एक मोठा भप्प, आणि सगळ्यांच्या माना एकदम पुढे. पुन्हा गाडी सुरळीत, जशी काही ती बोललीच नाही.

भंडाऱ्याजवळच्या शहापूरला हायवेवर नत्थूभाऊंचं गॅरेज होतं. गाडी तिथे नेली की तिला कधी खोकला यायचा नाही. नत्थूभाऊ लांब स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजिनवर आणि दुसरं कानाला लावून, डोळे मिटून ऐकायचे. "गाडी तं एकदम फस्क्लास आहे जी! आवाज कसा येते ते करून दाखवा बरं."

आमचे हे मिलचे मालक. गावात मान. तिथे पाच-सहा गिऱ्हाइकं बसलेली. तरी ह्यांनी घसा खाकरला आणि केलं, "फट्... फट्-फट्... भप्प!"

नत्थूभाऊंनी मान हलवली. "असा कोरडा, का जरा ओला?"

ह्यांनी ओला करून दाखवला.

तेवढ्यात ट्रॅक्टर घेऊन आलेला एक शेतकरी बाकावरून म्हणाला, "भाऊ, माह्या डाक्टरनं सांगतलं का असा आवाज आला तं पैले बिडी सोडा!"

*

नत्थूभाऊंचं निदान ठरलेलं होतं. प्लग काढले, "कचरा होता जी." पॉइंट घासले, "कचरा." कार्बोरेटर उघडून फुंकला, "पाहा, केवढा कचरा!" दर वेळी गाडी छान व्हायची आणि घरी येईपर्यंत छान राहायची. मी बसले की पुन्हा फट्!

शेवटी मीच एकदा म्हटलं, "नत्थूभाऊ, इतका कचरा निघाला, आता आत गाडी उरली आहे की नाही?"

*

"मी बसले की" हे माझ्या लक्षात यायच्या आधी सासूबाईंच्या लक्षात आलं. तोवर बोनेटला लिंबू-मिरची बांधून झाली होती, नारळ फोडून झाला होता. एक दिवस त्या पानाला चुना लावता लावता म्हणाल्या, "वसंता एकटा जाते, तं गाडी खोकत नाही. मी जातो, तं खोकत नाही. सून बसली का खोकते. गाडीले काही नाही झालं. हिचा पायगुण आहे!"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे पेपर वाचत होते. पेपर उलटा होता.

आता एरवी मी हसून सोडून दिलं असतं. पण पुढच्याच महिन्यात माझ्या भावाचं लग्न होतं, पवनीला. मी एकुलती एक बहीण. माहेरी आधीच कळवून बसले होते की ह्या वेळी आम्ही आमच्या स्वतःच्या गाडीनं येणार. आईनं ते पवनीभर केलं होतं.

सासूबाईंनी निकाल दिला. "मुहूर्ताच्या दिवशी गाडी रस्त्यात बसली तं? आमी गाडीनं जातो. तू बसनं ये."

माझ्या भावाच्या लग्नाला माझ्या गाडीतून माझी सासू जाणार, आणि करवली मागून बसनं! मी म्हटलं, "आई, लग्नाच्या आत गाडी दुरुस्त झाली, तर?"

"मंग बस बापा गाडीत! मी कायले नाही म्हणू?"

*

मग आमचे प्रयोग सुरू झाले. रोज संध्याकाळी कारध्याच्या पुलापर्यंत एक चक्कर. हे एकटे जायचे, गाडी गप्प. मला घेऊन जायचे, पुलाच्या अलीकडेच फट्! काही दिवसांनी पुलावरचे पेरूवाले गाडीचा आवाज ऐकूनच म्हणायचे, "वहिनी आल्या वाटते!"

ह्यांचा पायगुणावर विश्वास नव्हता. हे बीएस्सी होते. पण लग्न जवळ आलं तेव्हा हळूच मला म्हणाले, "एक करून पाहू. पायगुण असलाच, तर तो पायात असेल ना? तू पाय गाडीला लावूच नको!"

मी मागच्या सीटवर मांडी घालून बसले. चपला घरी ठेवल्या. पाय साडीत गुंडाळून घेतले. हातात पर्स घट्ट. रस्त्यानं जाणाऱ्यांना वाटलं असेल, कुठल्या तरी माताजींची मिरवणूक चालली आहे.

त्या दिवशी गाडी एवढी खोकली, एवढी खोकली की एका म्हाताऱ्यानं खरंच हात जोडले!

*

नत्थूभाऊंना आता चेव चढला होता. त्यांनी डोकं लावलं. "वहिनींच्या जागी वहिनींएवढंच वजन ठेवून पाहू. तरी खोकली, तं वहिनी सुटल्या. नाही खोकली, तं मंग..." पुढचं ते बोलले नाहीत. मेकॅनिक असले तरी सभ्य माणूस.

वजन ठेवायचं तर आधी वजन करायला पाहिजे. घरची मिल, दारात धानाचा मोठा काटा. बाजाराचा दिवस. पोती घेऊन आलेली अर्धी पंचक्रोशी उभी. ह्यांनी मला काट्यावर उभं केलं.

आमच्या हमालाची जन्माची सवय, जे वजन भरेल ते आरोळी ठोकून सांगायचं. त्यानं माझंही सांगितलं. खणखणीत! रस्त्यापलीकडच्या सायकलवाल्यानंही मान वर करून पाहिलं. आणि त्यावर हमालानं ह्यांना अदबीनं विचारलं, "मालक, बारदान्याचं वजन वजा करू का?"

हे म्हणाले, "कर. लुगडं जड आहे."

*

तर माझ्याएवढं धान पोत्यात भरलं आणि ते पोतं माझ्या जागेवर बसवलं. उभं राहीना, म्हणून त्याला माझ्याच जुन्या शालीनं सीटला बांधलं. हे आणि नत्थूभाऊ पुढे, पोतं मागे. मी आणि सासूबाई मिलच्या दारात उभ्या. आयुष्यात मी एका पोत्यासाठी एवढे देव कधी आळवले नव्हते.

गाडी गेली. बऱ्याच वेळानं परत आली. लांबूनच आवाज आला... फट्! फट्-फट्! भप्प!

मी टाळ्याच वाजवल्या. "ऐकलं, आई? पोत्यासाठीही खोकते!"

सासूबाईंनी पोत्याला वरून खालून न्याहाळलं. "हे धान कोणाच्या वावरातलं होय?"

हमाल म्हणाला, "पवनीचं जी. वहिनींच्या माहेरून आलं ते."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "मंग?"

*

माझं नशीब एवढंच की ते पोतं शिवणीला उसवलं होतं. धान सगळं सीटखाली सांडलं. ते काढायला सीट उचलली, तर खालून पेट्रोलच्या पंपाची वायर गेलेली, आणि नेमकी माझ्या बाजूला ती सोललेली. जड माणूस बसलं की सीटची स्प्रिंग तिला जाऊन टेकायची. वायर टेकली की पंप बंद. पंप बंद की खोकला.

नत्थूभाऊंनी वायर बोटावर घेतली, नीट पाहिली आणि म्हणाले, "कचरा!"

त्यांनी वायरला चिंधी गुंडाळली आणि ती माझ्या बाजूनं काढून सीटच्या दुसऱ्या बाजूनं नेली. "आता वहिनींनी खुशाल नाचावं."

मी बसले. पूल गेला, कारधा गेलं, पार पलीकडे जाऊन आलो. गाडी गप्प. मी एकटी मागे बसून गाणी म्हणत होते. पेरूवाल्यांनी ओळखसुद्धा दाखवली नाही.

सासूबाई शब्दाला पक्क्या. म्हणाल्या, "बस बापा गाडीत."

*

लग्नाच्या दिवशी पहाटे निघालो. हे स्टेअरिंगवर, पुढच्या सीटवर आहेराची भांडी रचलेली. मागे मी माझ्या जागेवर, आणि दुसऱ्या बाजूला सासूबाई. नवं इरकली लुगडं, नथ, मांडीवर लाडवांचा डबा. आमच्या सासूबाई काही माझ्याहून हलक्या नव्हत्या. फक्त त्यांना कोणी काट्यावर उभं केलं नव्हतं.

अड्याळ जवळ आलं आणि... फट्!

सासूबाईंनी लाडवांचा डबा घट्ट धरला.

फट्-फट्!

हे एकटक रस्त्याकडे पाहत होते. मी खिडकीबाहेर पाहत होते. हसू दाबायला पदर तोंडात धरला होता.

भप्प! लाडवाचा डबा उघडला.

"वसंता," सासूबाई म्हणाल्या, "गाडी थांबव."

"अवो माय, वायर सरकली असन. मी पाहतो ना..."

"थांबव म्हणतो ना! ज्याच्या पायानं गाडी खोकन त्यानं बसनं जायचं, हे कोण म्हणलं होतं? मीच म्हणलं होतं ना? मंग?"

आणि लाडवांचा डबा काखेत मारून त्या खरंच अड्याळच्या स्टँडवर उतरल्या! आता सासू बसनं आणि सून गाडीत, असं पवनीत कोणी पाहिलं असतं, तर माझ्या आईनं मला उभं जाळलं असतं. मीही उतरले. ह्यांना म्हटलं, "तुम्ही व्हा पुढे. मुहूर्ताला आहेर तरी पोचू द्या."

गाडी गुणगुणत निघून गेली. एकदाही खोकली नाही मेली!

बस आली. आम्ही दोघी शेजारी शेजारी बसलो. भरजरी साड्या, डोक्यात गजरे, आणि पायाशी कोणाच्या तरी कोंबड्या. सासूबाई सरळ समोर पाहत होत्या. मी घड्याळाकडे. अड्याळ मागे पडलं. दोन्ही बाजूंना मोकळी शेतं, ना गाव ना झाड.

आणि बस म्हणाली, फट्!

मग फट्-फट्! मग भप्प झालं आणि बस रस्त्याच्या मधोमध जी बसली ती बसलीच. ड्रायव्हर खाली उतरला. बोनेट उघडण्याचा आवाज आला. कंडक्टर उठला आणि एकेका सीटवरून नजर फिरवत मागे येऊ लागला.

सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला. पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "चूप बस. आपण कोण आहो ते त्याले सांगू नको!"