उंबऱ्याच्या दोन बाजूंचे दोन टीव्ही

मामांनी हैदराबादहून व्हिडिओ गेम आणला तेव्हा आक्काचं लग्न ठरलं होतं. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. मानवतला आमच्या घरात त्या वेळी दोन टीव्ही होते आणि त्यांचं एकमेकांशी काडीइतकंही जुळत नव्हतं. एक बैठकीतला, लाकडी दारांचा, काळा-पांढरा. वरून चापट मारल्याशिवाय त्याचं चित्र जागेवर राहत नसे. दुसरा माजघरात, नवाकोरा, रंगीत. तो आक्काच्या आंदणाचा. लग्नानंतर खोक्यासकट सोनपेठला तिच्या सासरी जायचा होता, म्हणून वडिलांनी त्याच्यावरचं प्लास्टिकसुद्धा काढू दिलं नव्हतं. पण वस्तू बंद ठेवली की खराब होते, हे आक्कानं त्यांच्या गळी उतरवलं. गोड बोलून काम काढण्यात तिचा हात धरणारं आमच्या घरात कोणी नव्हतं.

गेम दोघांनी मिळून खेळायचा. पण वडिलांची धान्याची अडत होती. दुपारी खेड्यांतून शेतकरी घरी यायचे आणि त्यांचं पाणी-चहा बघायला मी बैठकीत बसलंच पाहिजे, असा हुकूम होता. लग्न ठरलेल्या मुलीनं बैठकीत येऊन बसायचं नाही, हा दुसरा हुकूम. आलेल्यांत एखादा सोनपेठकडचा निघाला तर? वडिलांना याची भारी धास्ती. मला या हुकमांचा तेव्हाही राग यायचा आणि आजही येतो.

शेवटी मी रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून एका वायरीच्या दोन वायरी करून आणल्या. गेमचं मशीन ठेवलं बैठक आणि माजघराच्या मधल्या उंबऱ्यावर, त्यावर दाराचा पडदा सोडला. एक वायर माझ्या टीव्हीला, एक तिच्या. एक जॉयस्टिक पडद्याच्या अलीकडे, एक पलीकडे. असे आम्ही दोघं एकाच दाराच्या दोन बाजूंना, एकमेकांना न दिसता, एकच खेळ खेळायला लागलो.

रणगाड्यांचा गेम होता. दोघांनी मिळून किल्ला राखायचा. तिच्या टीव्हीवर तिचा रणगाडा हिरवा आणि माझा पिवळा. माझ्या टीव्हीवर दोन्ही राखाडी. जरा गर्दी झाली की त्यातला आपला कोणता, हेच मला उमगायचं नाही. मग पडद्याकडे तोंड करून ओरडायचं.

“आक्का, मी कुठाय?”

“पाण्याच्या कडंला. आरं, ती मी हाय! मलाच मारायलास की!”

बैठकीत टेकलेला एखादा म्हातारा दचकून विचारी, “कोणासंगं भांडायलास रं?” मी म्हणे, बहिणीशी. पडद्यामागून ती तोंड दाबून हसत असे, ते मला ऐकू यायचं. उन्हाळाभर आम्ही असे खेळलो. लग्नाची तारीख जवळ येत होती आणि आम्ही किल्ला राखत होतो.

लग्न झालं. टीव्ही पुन्हा खोक्यात बसला आणि वऱ्हाडाच्या ट्रकमधून आक्काच्या मागोमाग सोनपेठला गेला. नंतर बैठकीत मी एकटाच खेळायला बसलो. एकच रणगाडा होता, त्यामुळे ओळखायचा प्रश्नच नव्हता. मला इतकं कंटाळवाणं कधीच काही वाटलं नव्हतं. मला आक्का हवी होती, बस्स.

नागपंचमीला तिला आणायला मुऱ्हाळी म्हणून मीच जाणार, असा मी हट्ट धरला. विद्यापीठाच्या नामांतरावरून तेव्हा वातावरण तापलेलं होतं, एसटी कुठे अडेल याचा नेम नव्हता. आई नको नको म्हणत होती. मी पिशवीत कपड्यांखाली मशीन घातलं आणि निघालो. ती घरी येईपर्यंत दम कोणाला होता?

सोनपेठला त्यांच्या ओसरीवर तो टीव्ही मांडलेला होता. प्लास्टिक केव्हाच निघालेलं. दुपारी पुरुष शेतावर गेले, सासूबाई आत पडल्या, तेव्हा मी मशीन जोडलं आणि आक्काच्या मागे लागलो. आधी ती नाहीच म्हणाली. मग चुलीसमोरून उठून आली, पदर सावरत माझ्या शेजारी बसली. खेळ सुरू झाला. हिरवा, पिवळा, सगळं लख्ख दिसत होतं. माझा रणगाडा माझा मलाच दिसत होता आणि तिला सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. मध्ये पडदाही नव्हता. तरी इतके गप्प आम्ही दोघं कधी बसलो नव्हतो. आतून खोकल्याचा आवाज आला तशी तिनं जॉयस्टिक खाली ठेवली.

संध्याकाळी सासूबाईंनी मला समोर बसवून चहा दिला. बाई वाईट नव्हती, पण ठाम होती.

“खुरपणीची लय घाई हाय बाबा. आता न्हाई जमायचं. दिवाळीला धाडू, पंधरा दिस ठिवून घ्या.”

मी बरीच रदबदली केली. आई वाट बघतेय म्हणालो, रडवेलाही झालो. आक्का दाराआड उभी होती. तिनं काहीतरी बोलावं असं मला आतून फार वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला वेशीपर्यंत सोडायला आली. मी पिशवीतून मशीन काढलं आणि म्हणालो, “हे तुझ्याकडंच ठेव. दुपारी कोणी नसलं की खेळत जा. टीव्ही तर तुझाच हाय.”

तिनं ते हातात घेतलं, पदरानं त्याच्यावरची धूळ पुसली आणि परत माझ्या पिशवीत घातलं.

“घिऊन जा,” ती म्हणाली. “आन पुन्ना येताना आणू नको. काल ते बघितलं आन मला लय घरी यावं वाटलं रे. असं रोज वाटाया लागलं, तर मी इथं राहू कशी?”